सातची सुई

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी बायकोच्या पोटाला सुई दिली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं रोजचं काम. तिची साखर इन्सुलिनवरची, माझी गोळ्यांवरची. तिला सिरिंजवरच्या रेघा दिसत नव्हत्या, म्हणून औषध मी ओढायचो आणि पोटाची कातडी चिमटीत ती धरायची. सुई शिरली की दर वेळी म्हणायची, "टोचा, टोचा. लग्न झाल्यापासून तेच करताय." त्या दिवशीबी म्हणाली. मी म्हणालो, गप बस, हलशील.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाय. ज्याच्या घरात ही सुई आहे त्यानं वाचावं म्हणून लिहितोय, रडगाणं म्हणून नाय.

सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं पाहिजे. नाय गेलं तर साखर खाली जाते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस काहीबाही बोलायला लागतो, आणि तरी कुणी खायला दिलं नाय तर माणूस जातो. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगणार नाय.

पण त्या दिवशी वॉर्डातल्या दवाखान्यात शुगरची तपासणी होती. महिन्यातनं एकदा असायची. उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि मग खायचं. यात मी माझं डोकं लावलं होतं. सुई चुकवली तर साखर वर दिसणार, डॉक्टर बोलणार, डोस वाढवणार. म्हणून सुई सातलाच घ्यायची, साडेसातला रक्त द्यायचं आणि तिथंच भिंतीला टेकून डबा उघडायचा. कैक वर्षं असं निभावून गेलं. निभावलं म्हणजे बरोबर आहे असं मी धरून चाललो, आणि ओळीतल्या सगळ्यांना तेच शिकवलं.

कारण ओळीचा पुढारी मी होतो. मी आधी वैजापूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलल्या, मग शहरात येऊन औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानात गठ्ठे वाहिले. आवाज पहिल्यापासून मोठा. एकदा दवाखान्यात औषधाच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, इन्सुलिन संपलं, पुढच्या आठवड्यात या. म्हातारी माणसं मुकाट्यानं माघारी फिरली. मी फिरलो नाय. दहा जणांना घेऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं फरशीवर बसलो. दुपारी बाटल्या आल्या. त्यानंतर बसायला बाक आला, प्यायला पाण्याचा माठ आला, तापवाल्यांपासून आमची ओळ वेगळी झाली. कुणाला कागद वाचता येत नसला तर मी अडखळत का होईना वाचून द्यायचो. लोक शुगरवाले काका म्हणायला लागले. बायको पुढारी म्हणायची, पण तिच्या तोंडी ती शिवी होती.

माझा एक नियम लई कडक होता. उपाशी म्हणजे उपाशी. काहीजण चहा पिऊन यायचे, खोटं बोलायचे, मग रिपोर्ट चुकायचा आणि बोलणी सगळ्या ओळीला बसायची. म्हणून मी ओळीच्या तोंडाशी उभा राहून एकेकाला विचारायचो. मला त्यात मोठेपणा वाटायचा, हेबी खरं.

तो दिवस पाण्याचा होता. आमच्या शहरात नळ रोज येत नाय. ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस त्याच्यामागं. आमच्या घरात माणसं दोनच, पोरगा पुण्याला. माझे गुडघे गेलेले. त्यामुळं पहाटे पाचपासून तीच वाकून वाकून भरत होती. दोन ड्रम, हंडे, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा. सात वाजता हात पुसत आली आणि पोट उघडं करून बसली. दोन तासांच्या कष्टानं तिची साखर तशीच खाली गेली असंल, हे माझ्या डोक्यात आलं नाय. मी रोजच्याइतकंच औषध ओढलं.

साडेसातला आम्ही दवाखान्यात पोचलो. रक्त घेणारी बाई आलेली नव्हती. आठ वाजले. मग निरोप आला की तिची गाडी क्रांती चौकात बंद पडली, येतेय. ओळ वाढत गेली, फाटकाबाहेर गेली. आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला माझ्यापुढं आला. त्याच्या तोंडाला चहाचा वास.

"चहा पिलास?"

"अर्धा कप काका. डोकं लई दुखत होतं."

मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. पुढारपण मला चढलं होतं. पुढच्या महिन्यात ये म्हणालो, आज तुझं रक्त घेऊ देणार नाय. तो बिचारा बाहेर जाऊन आपल्या रिक्षाला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात बाकावरनं बायको हळू आवाजात म्हणाली, "आवं, मी एक घास खाते. हातपाय गळाल्यासारखं व्हतंय."

डबा तिच्या मांडीवर होता. झाकण अर्धं उघडलेलं. आत भाकरी आणि मेथी. सगळी ओळ माझ्याकडं बघत होती. अर्ध्या कपासाठी मी आत्ताच एकाला माघारी लावलं होतं.

"थांब," मी म्हणालो. "येईलच ती आता. तू खाल्लंस तर मी या लोकांना काय तोंड दाखवू?"

"तुमचं तोंड बघायला आलेत व्हय लोक?" ती म्हणाली. आणि तिनं झाकण लावलं.

हे तिचं शेवटचं शहाणपणाचं बोलणं.

थंडीचे दिवस होते. ओळीतली माणसं मफलर गुंडाळून उभी होती. हिची मान ओली. कपाळ पदरानं पुसायची, की लगेच परत ओलं. मी ते बघितलं. मला वाटलं, पाणी भरून दमली. थोड्या वेळानं तिनं मान वर केली, ओळीकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "मेंढरं मोजली का?"

तिच्या माहेरी मेंढरं होती. लहानपणी संध्याकाळी मोजायचं काम तिच्याकडं असायचं. ओळीत हशा पिकला. लोकांना वाटलं, काकू काकाला टोमणा मारतेय. मलाबी तसंच वाटलं. मी म्हणालो, "मोजली. तुला धरून."

सगळे परत हसले. ती हसली नाय. ती उत्तराची वाट बघत होती.

मग रक्त घेणारी बाई आली, लोटालोटी सुरू झाली आणि मी ओळ लावायला पुढं गेलो. नंबर पुकारले. तिचा नंबर पुकारला तर कुणी उठेना. वळून बघितलं तर ती बाकावर कलंडलेली, डबा फरशीवर, दातखीळ बसलेली. सिस्टरनं साखरेचं पाणी आणलं, ते ओठांच्या कडेनं खाली आलं. ज्याला मी माघारी लावलं होतं त्याच रिक्षावाल्यानं तिला दोन हातांवर उचललं आणि रिक्षात घातलं.

मोठ्या दवाखान्यात शिरेतनं साखर चढवली. एकदा तिनं डोळे उघडले, पण ते माझ्यावर ठरले नाय. तिथली डॉक्टर पोरगी वयानं माझ्या नातीएवढी. तिनं विचारलं, सुई कधी दिली? मी म्हणालो, सात. तिनं विचारलं, खाल्लं कधी? मी म्हणालो, डबा नेला होता. तिनं परत विचारलं. तेव्हा मला सांगावं लागलं.

"बाबा, तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यायचं, मग सुई, आणि सुई झाली की लगेच खायचं," ती म्हणाली. "उपाशीपोटी सुई घेऊन बसायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हणालो, "मीच सांगतो सगळ्यांना."

ती तशीच आत गेली. दुपारी तीनच्या सुमाराला बायको गेली. तिचं हृदय आधीच कमजोर होतं असं त्यांनी सांगितलं. माझ्या समजुतीसाठी सांगितलं असंल.

पोराला सकाळीच फोन गेला होता, तो पुण्याहून आला आणि अंधार पडायच्या आत त्यानं अग्नी दिला. ओळीतली बरीच माणसं आली होती. एकजण माझ्याजवळ येऊन बसला. मला धीर द्यावा म्हणून म्हणाला, "काका, तिकडची काळजी करू नका. गर्दीत सगळ्यांचं रक्त घेणं झालं नाय, उरलेल्यांना उद्या बोलावलंय. तुम्ही शिकवलंय तसंच सगळे करतील. सातला सुई घेऊन उपाशी येतील."

चिता समोर पेटलेली होती. उरलेले कोण ते मी त्याच्याकडनं एकेक करून विचारून घेतलं. नऊ घरं. पोराला फोन लावायला सांगितले, रक्त द्यायच्या आधी सुई घेऊ नका म्हणून. दोघांनी उचलले, त्यांना पटलं नाय. म्हणाले, काका असं सांगणार नाय.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी मी निघालो. पोरगा दारात आडवा आला. "बाबा, सुतक आहे. लोक भेटायला येतील." मी म्हणालो, बसव त्यांना. आणि निघालो.

सुतकातला माणूस म्हणून मी कुणाच्या उंबऱ्याला पाय लावला नाय. रस्त्यातनंच हाका मारल्या. लोक डोळे चोळत बाहेर यायचे, मला बघून बाया तोंडाला पदर लावायच्या, आणि मी सांगायचो, मी चुकीचं शिकवलं. आधी रक्त द्या. सुई आणि डबा बरोबर न्या. रक्त दिलं की सुई घ्या आणि सुई झाली की तिथंच खा. रक्त घेणारी बाई आली नाय तर वाट बघू नका, घरी या, सुई घ्या, खा. चुकलो हा शब्द मी बायकोपुढंसुद्धा कधी उच्चारला नव्हता. त्या सकाळी दारादारात उच्चारला. एका घरात औषध ओढून झालं होतं, ते माझ्यासमोर ठेवून दिलं.

गुडघ्यांनी वेळ खाल्ला. शेवटचं घर एका एकट्या राहणाऱ्या खालाचं. तिथं पोचलो तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. ती बुरखा घालून, पिशवी घेऊन कुलूप लावत होती.

"सुई घेतली?" मी विचारलं.

"ले ली भैया, सात बजे," ती म्हणाली. "तुमीच बोले थे ना."

मी तिच्या हातातली किल्ली घेतली आणि दार परत उघडलं. म्हणालो, आधी खा. घरात रात्रीची रोटी होती आणि चहाचं भांडं होतं. चहात साखर घालायला लावली, तीन चमचे. ती घालेना. म्हणाली, रिपोर्ट खराब आयेगा. मी म्हणालो, येऊ द्या, डॉक्टरीणबाईंना मी सांगतो.

ती दारातच खाली बसली आणि रोटी चहात बुडवून खायला लागली. मी बाहेर पायरीवर बसलो. प्रत्येक घासाला तिचा हात वर जायचा. तो थरथरतोय का ते बघत मी तिथंच बसून राहिलो.