तीन वर्षांचा परवाना आणि मढ्यावरचे किडे

"हे किडे मारा, नाहीतर परवाना विसरा," इन्स्पेक्शनला आलेले साहेब म्हणाले. वास येत नव्हता, तरी नाकाला रुमाल होताच.

बदलापूर-अंबरनाथमधली मेलेली गुरं, कुत्री उचलायचा ठेका माझा. एका टेम्पोचे चार मीच केले. वांगणीच्या पुढे, जंगलाला लागून ताराकाकूंच्या जमिनीवर माझा खड्डा. मी जनावर खोल पुरत नाही. उथळ खड्डा, वर जंगलातला पालापाचोळा. त्या पाल्यातून मसुरीएवढे काळे किडे येतात. माश्यांच्या अळ्या मऊ मांस संपवतात. कातडीखाली, हाडांना चिकटून जे उरतं ते हे किडे खातात. शेवटी कोरडी हाडं राहतात. काकूंचं घर हाकेच्या अंतरावर. त्यांची अट एकच, वास आला की गेट बंद.

"साहेब, ते माझे कामगार आहेत."

"मग त्यांचा पीएफ भरता का?"

माझं डोकं सटकलं. पण परवाना संपायला आठवडा होता, आणि दरवर्षीच्या खेट्यांना मी कंटाळलो होतो.

"तीन वर्षांचा करून द्या. आत्ता फवारतो."

"दोन."

"तीन. नाहीतर हा फवारणीचा पंप इथेच ठेवतो, वर काय कळवायचं ते तुम्ही बघा."

तीन मिळाली. मी स्वतः पंप पाठीला लावला. वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी पाला उचलला तर खाली सगळे किडे उताणे. त्याच आठवड्यात दोन म्हशी आल्या. सवयीप्रमाणे पाल्याखाली ठेवल्या. अळ्याही धरल्या नाहीत, त्या नुसत्या फुगल्या आणि वास काकूंच्या घरापर्यंत गेला. घाबरून जंगलातून पोत्यांनी ताजा पाला आणून टाकला. औषध मातीत मुरलं होतं, त्या पाल्यातले किडेही मेले.

गेलो तेव्हा काकू गेटला साखळी लावत होत्या.

"काकू, चुना टाकतो, माती टाकतो. महिनाभर द्या."

"भाऊ, सून पोटुशी आहे. पाणीसुद्धा ठरत नाही तिच्या पोटात. इतकी वर्षं कधी बोलले का मी?"

नव्हत्या बोलल्या.

साहेबांची बदली झाली. फोन उचलत नाहीत. मढ्यांच्या खड्ड्याला दुसरी जमीन कोणी देत नाही. जांभूळ गावापर्यंत फिरून आलो. वर्ष झालं, चारही टेम्पो उभे आहेत.

परवाना अजून दोन वर्षं चालू आहे. वर्षं मी मोजून घेतली होती. किडे मोजले नव्हते.