सिनेमातलं वाळवंट चाकणच्या पुढे लागतं

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक परदेशी सिनेमा शिरला आणि त्याने पार गोंधळ उडवला. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. ज्याच्यावर जगभर स्तुतीचा पाऊस पडतोय, ज्यात एक दुःखी गोरी बाई भारतात येते, वाळवंटात भटकते, गंगेत डुबकी मारते आणि सुखी होते, तोच. त्यातलं वाळवंट म्हणजे चाकणच्या पुढचा एक रिकामा प्लॉट आहे आणि गंगा म्हणजे आळंदीची इंद्रायणी, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या वाळवंटात माझ्या सासूबाईंनी काम केलंय!

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या परभणीच्या. भोसरीतल्या कंपनीत वायरिंगचं काम करून निवृत्त झाल्या. शूटिंगवाल्यांना नऊवारीतल्या वयस्क बायका हव्या होत्या, तेव्हा हौसेने गेल्या आणि आल्यावर आठवडाभर त्याच गोष्टी सांगत होत्या. सिनेमा लागला तसे आम्ही सगळे नटूनथटून चिंचवडला पाहायला गेलो. पडद्यावर आई आल्या. मळकं लुगडं, पांढरं कपाळ, उपाशी विधवा. हिरोईनने त्यांना अर्धी पोळी दिली, व्हायोलिनं वाजली, आईंचे ओठ हलले आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटली, ‘तू देवी आहेस, तू आम्हाला वाचवलंस.’

शेजारी बसलेले माझे सासरे हळूच म्हणाले, “मी कधी गेलो म्हणे?” आम्ही हसलो. आई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी परभणीहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, रुक्मामावशींचा फोन आला. नवरा धडधाकट असताना पैशापायी कुंकू पुसलंस, इथे लोक तोंडावर विचारतात, वगैरे. आईंनी फोन ठेवला आणि मावशींच्या मुलाच्या लग्नाला जाणार नाही, असं घरात जाहीर करून टाकलं. मला एवढंच म्हणाल्या, “म्या कुंकू पुसू दिलं नव्हतं गं. त्यांनी कंप्युटरवर पुसलं. कुणाकुणाला सांगत बसू?”

त्याच रात्री मी ठरवलं, आईंना घेऊन सिनेमातला भारत बघून यायचा. खरं सांगते, त्यांचं मन रमवणं हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे मी नुकतीच गाडी शिकले होते आणि नाशिक रोडवर चालवायला हात शिवशिवत होते.

जाणार असाल तर गुरुवारी जा. आपल्या या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे कंटेनर त्यातल्या त्यात कमी. आम्ही संत तुकाराम नगरहून सकाळी लवकर निघालो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी. ‘त्यातल्या त्यात कमी’ म्हणजे किती, ते मोशीच्या पुढे कळलं. उजवीकडे नव्याकोऱ्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर, डावीकडे सिमेंटचा मिक्सर आणि मधे आमची इवलीशी गाडी! मी नुसती हॉर्न वाजवत राहिले. आई मात्र खिडकीतून मिक्सरवाल्याला हात दाखवत होत्या, “थांब की रे भाऊ, पोरगी नवीन हाय!” आणि तो चक्क थांबला. मी आनंदाने किंचाळलेच.

चाकणमध्ये पोटपूजा उरकून घ्या, पुढे एमआयडीसीत हॉटेलं विरळ आहेत. तर्रीवाली मिसळ झकास मिळते. आईंनी घरून ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, पण मिसळही सोडली नाही.

प्लॉट सापडायला वेळ लागला, कारण वाळवंटाला आता तारेचं कुंपण आहे. पलीकडे कारखान्याचे लोखंडी खांब उभे राहिलेत. फाटकाशी गावातलेच एक वयस्कर वॉचमन बसले होते. “व्हय, हितंच झालं शूटिंग,” ते म्हणाले. “उंट टेम्पोतनं आणलावता. उतरंना म्हनून निम्मा गाव ढकलाय गेल्ता.”

आम्ही हसतोय तोवर मागे एक टॅक्सी थांबली. त्यातून पाठीवर पिशवी घेतलेली एक परदेशी मुलगी उतरली. तिने मुरमाच्या त्या माळाकडे पाहिलं, मोबाइलमधल्या चित्राकडे पाहिलं, आणि मग तिचं लक्ष आईंकडे गेलं. ती जागीच थबकली. डोळे भरून आले तिचे. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून तिने दोन्ही हातांनी आईंसमोर धरला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय बोलू ते जुळवत होते, तोवर आईंनी मला विचारलं, “हिला भूक लागली का गं?” आणि उत्तराची वाट न बघता गाडीतून डबा आणायला निघाल्याही.

क्लारा तिचं नाव, पोर्तुगालची. हा सिनेमा तिने चार वेळा पाहिला होता, आईंच्या प्रसंगाला दर वेळी रडली होती. वॉचमनकाकांच्या शेडखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली. ठेच्याने तिचं नाक लाल झालं, तरी तिने हात आखडला नाही. मग तिने मला विचारलं, “त्या तेव्हा काय म्हणाल्या होत्या? अगदी त्यांच्या शब्दांत?”

मी आईंना विचारलं. मलाही माहीत नव्हतं, व्हायोलिनांत काही ऐकूच आलं नव्हतं.

“काय म्हणणार? ती पोरगी सकाळपासून उन्हात उभी. ओठ सुकले होते तिचे. म्या म्हणलं, आधी तू खा गं बाई, माझं पोट भरलंय.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. क्लाराने घाईघाईने मोबाइलवर तो प्रसंग काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि फोन आमच्या दोघींच्या कानांमधे धरला. व्हायोलिनांच्या मागे, अगदी बारीक, पण स्पष्ट, परभणीच्या हेलात, ‘आधी तू खा गं बाई.’ पुन्हा लावलं. वॉचमनकाकांनीही ऐकलं. “आयला, खरंच की!”

क्लारा म्हणाली, “मी चार वेळा चुकीच्या गोष्टीवर रडले.” मग जरा अडखळत तिने कुंपणापलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांकडे बोट दाखवलं. बांधकामावरच्या मजुरांच्या त्या. “पण गरिबी तर आहे ना इथे?”

“हाय ना,” आई म्हणाल्या. “भोसरीत आलो तेव्हा आमीबी पत्र्यातच राहिलो. उन्हाळ्यात भाजून निघायचो. पण भाकर आमची आमी थापत होतो. आल्यागेल्याला देत होतो. तेवढं त्यांनी दाखवायचं होतं.”

क्लाराची टॅक्सी आमच्या मागून आळंदीला आली. गाडी गावाबाहेरच लावा, आतल्या गल्ल्यांत नवशिक्यांचं काम नाही. एका वारकरी शिक्षण संस्थेत मुलं पखवाज घोटत होती, त्या ठेक्यावर चालत आम्ही घाटावर पोचलो. सिनेमात पाण्यावर सुंदर पांढरं धुकं तरंगतं. क्लाराने ते शोधलं आणि सापडलंही. तो फेस होता, पाण्यात मिसळणाऱ्या घाणीचा. मला सांगताना लाज वाटली, पण सांगितलं. सिनेमावाल्यांनी खोटं रचलं हे खरंच, पण जे खरोखर दाखवायला हवं होतं त्याचंही त्यांनी धुकं करून टाकलं.

निरोप घेताना क्लारा वाकली आणि आईंनी पटकन आपल्या पिशवीतल्या करंड्यातलं कुंकू तिला लावलं.

दिघीमार्गे परतलो. घरी पोचेस्तोवर क्लाराने तो तुकडा खऱ्या ओळीसकट इंटरनेटवर टाकलाही होता. किती जण बघतील? सिनेमा बघणाऱ्यांच्या मानाने मूठभर. बाकीचं जग आईंना उपाशी विधवाच समजत राहणार, हे मला अजूनही खुपतं. पण गाडीतून उतरल्यावर आई चप्पलही न काढता सोफ्यावर बसल्या आणि त्यांनी परभणीला फोन लावला. स्पीकरवर.

“रुक्मे, लग्नाला येणार हाय मी.”

“लोकं विचारतील, आक्का.”

“विचारू दे. कुंकू त्यांनी कंप्युटरवर पुसलं. म्या खरं काय म्हणलं ते पाठवलंय तुला, कानाला लावून ऐक. मग बोल.”

फोन ठेवला. सासऱ्यांनी उगाच टीव्ही लावून बंद केला. थोड्या वेळाने फोन वाजला. मावशीच होत्या, ऐकून झालं होतं त्यांचं.

“हळदीच्या आदल्या दिवशीच ये,” त्या म्हणाल्या. “बांगड्या भरायला तुझ्याबिगर मी कुणासंगं जाऊ?”