शून्यसुद्धा लिहायचं असतं

एका माणसाचं पाऊण तासाचं बोलणं मी दोन ओळींत उरकलं, आणि त्या दोन्ही ओळी खऱ्या नव्हत्या. बबनभाऊंविषयी लिहायला बसलो की आधी हे लिहावं लागतं. त्याशिवाय त्यांच्या चांगुलपणाबद्दल चार शब्द लिहायचा मला अधिकार नाही.

ते गेल्याचा फोन आला तो फेब्रुवारीतल्या एका सकाळी. मी लोणावळ्याच्या घरी रविवारच्या पुरवणीसाठी लेख लिहीत होतो. विषय नेहमीचाच होता... तूट कुणामुळे वाढली, हवामानासाठी ठेवलेला निधी कुणी कुठे वळवला. फोन त्यांच्या मुलीचा होता. "सर, बाबा गेले. खाचरातले दगड काढत होते. दम लागला म्हणून बांधावर बसले, ते बसलेच." मी विचारलं, "किती वाजता?" हाच प्रश्न का सुचला, कुणास ठाऊक. ती म्हणाली, "नऊच्या सुमारास. साडेआठची नोंद करून गेलेले." मी फोन ठेवला. समोरच्या लेखातली 'या अपयशाची जबाबदारी कुणी घ्यायची?' ही ओळ अर्धवट राहिली होती. ती मी पुरी केली नाही.

बबनभाऊ आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेचे परिचर होते. मी अर्थशास्त्र शिकवायचो. खरं तर आमचा संबंध यायचं कारण नव्हतं, पण प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत चहा चांगला मिळायचा. आंदर मावळातल्या त्यांच्या गावाहून ते पहाटेच निघत, फाट्यापर्यंत चालत येत आणि कान्हे स्टेशनवरून गाडी पकडून लोणावळ्याला पोचत. एकदा भूगोल विभागानं जुनं पर्जन्यमापक भंगारात काढलं, कारण त्याच्या नरसाळ्याची कड वाकली होती. बबनभाऊंनी प्राचार्यांना रीतसर अर्ज दिला, ते घरी नेलं, कड ठोकून सरळ केली आणि अंगणात चौथरा बांधून त्यावर बसवलं. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, हा नियम. पण साडेआठला ते स्वतः लोणावळ्यात असत. मग त्यांनी बायकोला, शांतामावशींना, मोजायला शिकवलं. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. सुट्टीच्या दिवशी भाऊ मोजणार, एरवी मावशी, अशी ती वही निवृत्तीपर्यंत चालली. निवृत्तीनंतरही दोघांच्या पाळ्या होत्याच.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मलाही मोजायला लावलं. मोजपात्र हातात धरून मी उभ्यानंच आकडा सांगितला. ते हसले. "सर, बसा खाली. उभ्यानं बघितलं की चुकतं. पाणी काचंच्या कडंला वर चढतं, ते वाचायचं न्हाई. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणायचा आन् मधलं खोलगट हाये ना, ते वाचायचं." मग मोजलेलं पाणी त्यांनी कोंबड्यांच्या परळात ओतलं. वही चाळताना डिसेंबरपासून पुढची पानंच्या पानं शून्यांनी भरलेली दिसली. मी म्हटलं, "अहो, पाऊसच नाही तर लिहिता कशाला?" आतून मावशी म्हणाल्या, "मंग कसं कळायचं पडला न्हाई का आमी बघितलाच न्हाई?" भाऊंनी मान डोलावली. "शून्यसुद्धा लिहायचं असतं सर. रिकामी जागा म्हंजे मोजणाऱ्याची चूक."

माझे लेख ते न चुकता वाचत. सोमवारी चहाचा कप पुढे करताना एखादा टोला ठरलेला. "सर, तुमच्या लेखात देश दर रविवारी म्होरं जातोय. मंग आमची यष्टी का येत न्हाई?" पुढे सरकार बदललं आणि माझा सूरही बदलला. तेव्हा म्हणाले, "गेल्या साली देश म्होरं चाललेला, औंदा मागं यायला लागला. यष्टी मातर तितंच हाये." मी हसण्यावारी नेलं. आज मागे वळून पाहतो तेव्हा दिसतं की त्यांनी माझं नेमकं निदान केलं होतं. माझ्या आवडीचे लोक सत्तेत असले की विकासदराचं श्रेय त्यांना, आणि तो घसरला तर दोष जगातल्या मंदीला. नावडते असले की बरोबर उलटं. प्रदूषणाचं, जंगलाचं, पावसाचंही तसंच. प्रत्येक वेळी मी कडेला चढलेलं पाणी वाचत होतो, आणि उभ्यानं.

मग बबनभाऊंच्या गावावरच्या डोंगरात एक वीजप्रकल्प आला. वीज जास्त असेल तेव्हा पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची, म्हणजे कोळसा तेवढा कमी जळेल. एका सरकारच्या काळात त्याची फाइल निघाली, दुसऱ्याच्या काळात मंजुरीची घाई झाली. मला तो पटला होता, आणि तत्त्व म्हणून अजूनही पटतो. देशाला वीज हवी आणि पृथ्वीला कमी धूर. अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थेनं मला जनसुनावणीचा मराठी गोषवारा लिहायला बोलावलं तेव्हा मला तो मोठा मान वाटला. आयुष्यभर धोरणांवर नुसतं बोललो, आता धोरणाच्या कागदावर माझे शब्द असतील, असं वाटलं.

सुनावणी गावच्या शाळेसमोर मांडव घालून झाली. मी टेबलाशी कागद घेऊन बसलो होतो. बबनभाऊ पिशवीतून वह्या काढून माइकपाशी उभे राहिले. "प्रकल्पाला माजी ना न्हाई," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. "कोळसा कमी जाळायचा म्हणता, लय बरं. पण तळ्याकडं जाणारा रस्ता ह्या अंगानं कापू नका. ह्या अंगाला माती हाये. आधी पाऊस म्हैनाभर मुरायचा, आता तेवढाच दोन-चार दिसांत कोसळतो. हे बगा, लिवलंय. हितं डोंगर कापला तर त्यो खाली यील. मागल्या अंगाला कातळ हाये, तिकडनं न्या. लांब पडंल, पण टिकंल." मग ते एकेक वर्ष वाचू लागले. अधिकारी घड्याळ पाहू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "बबनभाऊ, आवरा आता, वडे गार झाले!" मांडव हसला. "गार वडा खाता यील रं," भाऊ म्हणाले, "गाडलेलं खाचर न्हाई पिकत." आणि पुढचं पान वाचू लागले. डोंगराच्या त्या अंगाच्या पायथ्याला बौद्धवाडीची खाचरं होती, आणि त्यातली चार त्यांची.

कच्च्या कागदावर मी सगळं उतरवलं होतं. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या माणसाचा फोन आला. आक्षेप थोडक्यात घ्या, रस्ता बदलला तर सगळी आखणी पुन्हा करावी लागेल, आधीच उशीर झालाय. त्यानं मला धमकावलं नाही, कसली लालूच दाखवली नाही. एवढ्या मोठ्या कामाच्या आड एका परिचराच्या वह्या येतात, हे मलाच किरकोळ वाटलं. मी लिहिलं, 'एका ग्रामस्थाने पावसाविषयी भावना व्यक्त केल्या, तथापि पर्यायी मार्ग सुचवला नाही. सादर केलेल्या नोंदी मुख्यतः अप्रशिक्षित व्यक्तीने घेतल्या असल्याने ग्राह्य धरता येत नाहीत.' ती अप्रशिक्षित व्यक्ती कोण, हे मला ठाऊक होतं. तिच्या हातची भाकरी मी खाल्ली होती.

रस्ता मातीच्या अंगानंच कापला गेला. दुसऱ्या वर्षी श्रावणात एका दिवसात जो पाऊस झाला त्यात तो उतार खाली आला. माणसं शाळेत हलवली होती म्हणून वाचली. बबनभाऊंची चारही खाचरं, गोठा आणि गोठ्यातले दोन बैल दगडमातीखाली गेले. बैल सोडायला ते निघाले होते, मावशींनी हात धरून ठेवला. त्या दोघांनी गोठ्याचा आवाज शाळेच्या पडवीतून ऐकला... भाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा आवाज कसला, हे सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी काय केलं? लेख लिहिला. घाईनं मंजुरी देणारं सरकार, त्याआधी फाइल काढणारं सरकार, ठेकेदार, सल्लागार संस्था, अधिकारी, झोपलेला विरोधी पक्ष... मी कुणालाही सोडलं नाही. लेख खूप लोकांना आवडला. पंधरा दिवसांनी मी बबनभाऊंकडे गेलो. ते गाडलेल्या खाचरात हातानं दगड वेचून बांधाशी रचत होते. मला पाहून वर आले, हात धुतले, चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "लेख वाचला सर. झाडून सगळ्यांची नावं आली."

मी समोर आलेला कप उचलला.

"एक राह्यलं."

"कुणाचं?" मी विचारलं. विचारताना माझी नजर कपात होती.

गोषवारा त्यांनी वाचला होता. तहसील कचेरीत खेटे घालून प्रत मिळवली होती, हे मला नंतर कळलं. "असू द्या," ते म्हणाले. "ह्यांनी कागद काढला, त्यांनी सही केली. कागदाला शाई लागती, ती कुणी तरी देतंच की. घ्या, च्या गार होतोय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित भांडलो असतो, भांडणात खरं बोलूनही गेलो असतो. त्यांनी मला वाट करून दिली होती आणि मी तिच्या तोंडाशी चहा पीत बसलो. निघताना ते फाट्याच्या वळणापर्यंत सोडायला आले. तिथेही बोलता आलं असतं. मी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोललो. त्यानंतर पाच-सहा महिने रोज उद्या जाऊ म्हणत राहिलो, आणि मग फेब्रुवारीतला तो फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मागे बसलो होतो. लोक त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलत होते. कुणीतरी म्हणालं, "सर, तुमी बोला, तुमी त्यांचे दोस्त." मी उठलो नाही. घरी येऊन जुने कागद उपसले. कच्ची टिपणं जशीच्या तशी होती, नऊ पानं. 'मागल्या अंगाला कातळ, तिकडून न्या' या वाक्याखाली मी स्वतःच रेघ मारलेली होती. म्हणजे ते महत्त्वाचं आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

नंतरच्या ग्रामसभेत मी ती नऊ पानं वाचली. माझ्या दोन ओळीही वाचल्या, त्या कुणी लिहिल्या ते सांगितलं, आणि या सगळ्याची प्रत कचेरीत दिल्याची पोचपावती सरपंचांकडे दिली. पाऊण तास लागला. मधे कुणी हसलं नाही. एक म्हातारे उठून म्हणाले, "आता वाचून डोंगर वर जातोय व्हय?" मी म्हटलं, "नाही, आबा." उताराचं काम रेंगाळलेलं आहे, खाचरं दगडाखाली आहेत, आणि चौकशीत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आहे. माझ्या लेखांतून मीच त्यांना ती सवय लावत आलो, असंही कधीकधी वाटतं.

सभा संपल्यावर शांतामावशी दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "गावाचं झालं, सर. माजं राह्यलं." मी तिथेच हात जोडले. त्यांनी मान हलवली. "हितं नगं. सकाळी या. साडेआठला."

दुसऱ्या दिवशी सव्वाआठलाच पोचलो. अंगणात चौथऱ्यावर पर्जन्यमापक उभं होतं, नरसाळ्याच्या कडेवर भाऊंनी ठोकलेल्या हातोडीच्या खुणा. मावशींनी झाकण काढून मोजपात्र माझ्या हातात दिलं. ते कोरडं ठणठणीत होतं. "वाचा."

"काही नाही, मावशी."

"असं लिवत न्हाईत."

मग मी उकिडवा बसलो. डोळा काचेच्या बरोबरीला आणला. रिकाम्या काचेतून समोरचा फाटलेला, तांबडा उतार दिसत होता. मावशींनी वही उघडून पुढे धरली. भाऊ गेले त्या दिवसाचं शून्य त्यांच्या हातचं, ठसठशीत. त्यापुढची सगळी मावशींच्या वळणाची, एकही दिवस न चुकलेली. मी तारीख घातली, शून्य लिहिलं. कोंबड्या परळाभोवती घोटाळत होत्या. मी तसाच खाली बसून बोललो, कारण उठलो असतो तर पुन्हा राहून गेलं असतं.

"मावशी, नोंदी घेणाऱ्या बाईला मोजता येत नाही असं मी लिहिलं. तुम्हाला येत होतं. बबनभाऊंनी दुसरा रस्ता सांगितला होता. मी तो ऐकला, लिहून घेतला आणि मुद्दाम गाळला. हे कुठल्या सरकारनं केलं नाही, मी केलं. ते समोर होते तेव्हा बोललो नाही. माझं चुकलं. मला माफ करा."