आमच्या प्रांताची सफरचंदं

दुबईत मी सरकारी नोकरी करते म्हटलं की पुण्यातल्या नातेवाइकांना वाटायचं, भारताच्या वकिलातीत असेन. मग मला खुलासा करावा लागायचा. दुसऱ्या देशाचं सरकार, आणि त्या देशाचंही नव्हे, त्यातल्या एका प्रांताचं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "म्हणजे आपल्या महाराष्ट्र सरकारनं उद्या परदेशात ऑफिस थाटलं आणि तिथं एखाद्या गोऱ्या बाईला कामाला ठेवलं, तसंच ना?" मला स्वतःला ते इतकं सोपं करून कधी सांगता आलं नव्हतं.

तो प्रांत पार दक्षिणेकडचा, ऋतू आपल्या उलटे. मेंढ्या, लाकूड आणि मुख्य म्हणजे सफरचंदं. त्यांच्या देशाच्या वकिलातीचा सगळा जोर मोठ्या कंपन्यांवर होता. आपल्या बागायतदारांकडे कोणी बघत नाही, या रागातून प्रांतानं दुबईत स्वतःचं ऑफिस उघडलं. ऑफिस म्हणजे एका टॉवरमधल्या दोन खोल्या, दारावर प्रांताचं बोधचिन्ह, आत आमच्या बाई आणि मी. बाई प्रांताच्या व्यापार प्रतिनिधी होत्या. पन्नाशीच्या, उंच, नाक उन्हानं कायम लाल. त्यांच्या वडिलांची सफरचंदांची बाग होती, त्यामुळे फळाविषयी बोलताना त्या सरकारी वाटायच्याच नाहीत.

त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. आणि ज्या माणसाला त्यांना सफरचंद विकायचं होतं त्याला इंग्रजीत बोलणं आवडत नव्हतं. दुबईतल्या देरा या जुन्या व्यापारी भागातला तो फळांचा मोठा व्यापारी इथलाच अरब, सत्तरीचा. तरुणपणी वडिलांबरोबर मुंबई बंदरात येऊन-जाऊन असल्यामुळे हिंदी मात्र फर्डं. म्हणून एका प्रांताची व्यापारनीती माझ्या पुणेरी हिंदीतून चालायची.

पहिल्या भेटीत बाईंनी माहितीपत्रकं काढून टेबलावर मांडली. म्हाताऱ्यानं ती बाजूला सारली, चहा मागवला आणि मला म्हणाला, "बेटी, इनसे पूछो, वालिद कैसे हैं?" बाई गोंधळल्या. मग वडिलांविषयी, बागेविषयी, गारपिटीविषयी बोलत राहिल्या. निघताना तो म्हणाला, "सेब तो सबके पास है. फिर कब आएँगी?"

"नाही म्हणाले ना?" लिफ्टमध्ये बाईंनी मला विचारलं.

"नाही. पुन्हा कधी येणार, असं विचारलंय."

त्यानंतर बाई जातच राहिल्या. सफरचंदाचा विषय कित्येक महिने निघाला नाही. तिकडे राजधानीतून ईमेल यायचे, ऑर्डर किती आल्या म्हणून. बाई उत्तर टाइप करायच्या, पुसायच्या, पुन्हा टाइप करायच्या. खजूर खात बसलो होतो, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

मग मंदी आली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करत थांबल्या. माझ्या नवऱ्याची साइट बंद पडली. नोकरी वाचली, पण त्याला अल ऐनला पाठवलं. इथली सुट्टी तेव्हा शुक्रवार-शनिवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी रात्री परत निघायचा. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता, खलास. आणि नेमका तेव्हाच म्हातारा एका दुपारी म्हणाला, "अब भेजो एक कंटेनर. मंदी में भी आदमी फल तो खाता है."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

कंटेनर बोटीवर चढला त्या सुमाराला राजधानीतून निर्णय आला. तिजोरीत खडखडाट होता, परदेशातली ऑफिसं बंद होणार होती. आर्थिक वर्ष संपायच्या आत बाईंनी परतायचं, आणि पुढचं काम वकिलात बघेल. बोट त्यानंतर पोचणार होती. बाईंनी मुदत वाढवून मागितली, मिळाली नाही. तेव्हा त्यांनी स्वतःची रजा टाकली. फ्लॅट सोडावा लागला होता, म्हणून मी त्यांना ऊद मेथाला आमच्याकडे घेऊन आले.

प्रांताच्या प्रतिनिधी आमच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. वरणभात चमच्यानं खायच्या आणि लिंबाच्या लोणच्याला घाबरायच्या. माझी मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची. बाई तिला म्हणायच्या, "आईच्या भाषेत बोल. माझं काम सगळं तिच्याच भाषेमुळे चाललं." ती हिंदी होती, मराठी नव्हे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

कंटेनर आला त्या दिवशी आम्ही पहाटेच फळबाजारात पोचलो. उन्हाळ्याचा ऐन भर, घामानं भिजलेला चष्मा पुसून पुसून हात दुखले. दार उघडल्यावर गार हवेचा लोट आला आणि त्याच्याबरोबर तो वास. बाई पुढे झाल्या आणि दाराशी नुसत्या उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं खोक्यातून एक सफरचंद काढलं, खिशातल्या सुरीनं चिरलं आणि पहिली फोड बाईंना दिली. मग दुसरी स्वतः खाल्ली. बराच वेळ चावत राहिला.

"माशाल्ला," म्हणाला. "अगले साल और भेजो. लेकिन बेटी, पूछो इनसे, अगले साल मैं फोन किसको करूँ?"

मी विचारलं. बाई ठरलेलं वाक्य बोलायला लागल्या, की वकिलातीतले अधिकारी आपली काळजी घेतील. अर्ध्यावर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "माझ्या घरचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दे."

पुढच्या वर्षी त्यानं खरंच बाईंच्या घरी फोन केला. तोवर मी एका शाळेच्या ऑफिसात लागले होते आणि बाईंना प्रांतानं रस्ते विभागात बसवलं होतं. त्यांनी वकिलातीला कळवलं, बागायतदारांच्या संघाला कळवलं, मंत्र्यांच्या कचेरीतही जाऊन आल्या. वकिलातीचं उत्तर आलं, व्यापाऱ्यानं वेबसाइटवर नोंदणी करावी. बाईंच्या सांगण्यावरून मी ते म्हाताऱ्याला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. "मैं रुकता हूँ," एवढंच म्हणाला. तो थांबला, आणि तोवर हंगाम निघून गेला. त्याच्या पुढल्या वर्षी त्याच्या मुलांनी दुसरीकडून माल धरला.

बऱ्याच वर्षांनी प्रांतानं दुबईत पुन्हा ऑफिस उघडलं. उंच काचेच्या इमारतीत, आधीपेक्षा प्रशस्त. जुनी कर्मचारी म्हणून मला आमंत्रण आलं. नवे प्रतिनिधी तरुण, चटपटीत. भाषणात म्हणाले, आम्ही या बाजारपेठेत प्रथमच पाऊल टाकतोय. चहाच्या वेळी मी त्यांना म्हाताऱ्याविषयी सांगितलं. "ग्रेट! त्यांचा ईमेल मला पाठवा ना," ते म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

त्या आठवड्यात मी देराला जाऊन आले. म्हातारा मुलांच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसला होता, खूप वाळलेला. मी ओळख दिली. प्रांताचं ऑफिस पुन्हा उघडलंय म्हणाले.

त्याचा चेहरा खुलला. "वो आई हैं?"

"नहीं. दूसरे साहब हैं."

"अच्छा, अच्छा. इन्शाल्ला, अच्छा होगा," तो म्हणाला आणि माझ्यासाठी चहा मागवला. सफरचंदाचं त्यानं काही विचारलं नाही. बाईंच्या वडिलांचं विचारलं. ते जाऊन काही वर्षं झाली होती, ते मी सांगितलं.

घरी येऊन मी बाईंना फोन लावला. त्या आता निवृत्त, भावाच्या बागेत मदत करतात. नवं ऑफिस उघडल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं.

"मला बोलावलं असतं तर मी आले असते," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या तिकिटानं आले असते. नव्या माणसाला एकदा त्यांच्याकडे घेऊन गेले असते, एवढंच."

समारंभाचे फोटो मी त्यांना पाठवणार होते. नाही पाठवले.