मिठागराची फिल्म

आमच्या शाळेत चित्रकलेच्या नव्या बाई आल्या, तेव्हा मला पनवेलला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी विज्ञान शिकवायचे. एका दुपारी त्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"थोडी ब्लीचिंग पावडर मिळेल का?"

"कशाला हवी?"

"फिल्म पुसायचीय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पिशवीतून सिनेमाच्या जुन्या फिल्मचं भेंडोळं काढलं, पावडर पाण्यात कालवली आणि फिल्म त्यात सोडली. बघता बघता तिच्यावरची माणसं, घरं, मोटारी सायीसारख्या सुटून पाण्यावर आल्या. बाईंच्या हातात राहिली ती नुसती पारदर्शक पट्टी. त्यामागचं रसायनशास्त्र मला ठाऊक होतं. तरी मी हातातलं काम विसरून बघत राहिले.

बाई चाळिशीच्या होत्या. पुण्यात सिनेमा शिकलेल्या. मुंबईत राहून त्यांनी काही छोट्या फिल्म केल्या होत्या. त्यांत गोष्ट नसायची की नट नसायचे. एका फिल्ममध्ये फक्त भिंतीवरून सरकत जाणारं ऊन होतं. ती दाखवताना निम्म्याहून जास्त लोक उठून गेले, हे त्यांनीच मला हसत सांगितलं. पनवेलला त्यांचे वडील एकटे होते. त्यांना पक्षाघात झाला, म्हणून बाई इथे आल्या आणि आमच्या शाळेत लागल्या. स्टाफरूममध्ये त्यांच्यामागे त्यांना "सिनेमावाल्या बाई" म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हतं.

ती पुसलेली पट्टी त्यांनी आठवीच्या वर्गात बाकांवरून आडवी पसरली. प्रत्येक मुलाच्या वाट्याला हातभर फिल्म आली. काळी शाई, टाक आणि सुया वाटल्या.

"काय काढू, बाई?" एका मुलीने विचारलं.

"ठिपका काढ. पुढच्या चौकटीत तोच ठिपका जरासा सरकव. कंटाळा येईपर्यंत सरकवत राहा."

शाळेच्या कपाटात सरकारी माहितीपट दाखवायचा जुना प्रोजेक्टर धूळ खात पडला होता. बाईंनी तो उघडून, पुसून, तेल घालून चालू केला. खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. भिंतीवर पहिला ठिपका थरथरत चालायला लागला, फुगला, फुटला, त्याच्या रेघा झाल्या, रेघांचा पाऊस झाला. वर्गात पन्नासएक मुलं होती, मागे मी उभी होते. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "माझा ठिपका जिवंत आहे."

त्या दिवसापासून मी बाईंच्या मागे लागले. दुसरा शब्द नाही त्याला. रविवारी त्या कॅमेरा घेऊन उरणच्या रस्त्यावरच्या मिठागरांवर जायच्या. मीही त्यांच्याबरोबर एसटीत बसायचे. घरी सांगायचे, मैत्रिणीकडे चाललेय. ते खोटंही नव्हतं.

तिथे त्या तासन्‌तास काही करायच्या नाहीत. बांधावर बसून राहायच्या. बायका टोपल्या भरून नेत, पुरुष लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत. बाई नुसत्या बघत. मध्येच कॅमेरा सुरू होई आणि लगेच बंद होई.

"त्यांचं चाललंय तेच तर रोज चालतं," मी एकदा म्हणाले. "मग आत्ताच का घेतलंत?"

"आत्ता त्याने श्वास घ्यायला फळी थांबवली आणि पाण्यातलं आभाळ पण थांबलं. बघितलंत ना?"

मी बघितलं नव्हतं. पुढच्या वेळी बघितलं. खरंच तसं होतं.

असे तीन हंगाम गेले. पुढच्या पावसाळ्यात गाढी नदीचं पाणी बाईंच्या तळमजल्यावरच्या खोलीत शिरलं. वडिलांना शेजाऱ्यांनी खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेलं. मुंबईहून डेव्हलप करून आणलेल्या फिल्मचे डबे खालीच राहिले. पाणी ओसरल्यावर आम्ही ती रिळं प्रयोगशाळेत आणली, बादल्यांमध्ये धुतली आणि दोऱ्यांवर वाळत घातली. हवा इतकी दमट होती की वाळेपर्यंत त्यांना बुरशी धरली. कुठे चित्राचा थर फुगला होता, कुठे निखळला होता.  पुढचे कित्येक दिवस बाई शाळेत यायच्या, शिकवायच्या आणि खाली मान घालून घरी जायच्या.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. प्रोजेक्टर मांडलेला होता.

"एकटीने बघवत नाहीये," त्या म्हणाल्या.

भिंतीवर मिठागर आलं. माणूस फळी ओढत होता आणि त्याच्याभोवती बुरशी उमलत होती. करड्या, पांढऱ्या नक्ष्या पाण्यावरून पसरत जात, माणसाला गिळत, आणि तो पलीकडून पुन्हा चालत बाहेर येई. सूक्ष्मदर्शकाखाली मी बुरशी शेकडो वेळा पाहिली होती. ती अशी, एवढी मोठी, चालत्या माणसावर फुलताना पाहीन असं कधी वाटलं नव्हतं.  रीळ संपलं तेव्हा बाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

"ही मी नाही केलेली," त्या म्हणाल्या. "पण हीच फिल्म आहे."

त्यांनी खराब झालेलं काहीही कापलं नाही. आहे तसंच जोडलं.

ती सर्वांत आधी बघायचा हक्क मिठागरावरच्या लोकांचा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या गावातल्या शाळेची खोली मिळाली. खिडक्यांना गोणपाट लावून आम्ही दुपारी फिल्म सुरू केली. सुरुवातीला गोंगाट होता. "त्यो बग, आपला दादा!" "माजी टोपली हाय ती." मग बुरशी आली. फळी ओढणारा एक माणूस पडद्यावर मावळला आणि पुन्हा उगवला, तशी पुढे बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. तो तिचा नवरा. गेल्या चैतात वारला होता. त्याचा एकही फोटो घरात नव्हता, हे माझ्या शेजारी बसलेल्या गावातल्या एका बाईने मला कानात सांगितलं.

फिल्म संपल्यावर म्हातारी प्रोजेक्टरपाशी आली. "बाय, परत दावशील का त्याला?"

बाईंनी रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. प्रोजेक्टरखाली काळसर चुरा पडायला लागला होता. दुसरी प्रत नव्हती. मी वाकून म्हणाले, "बाई, फिल्म झडतेय."

"दिसतंय मला."

"परत लावलीत तर तो भाग उरणार नाही."

"त्यांचा माणूस आहे तो. त्यांना बघू दे."

म्हातारीने मागितली तेवढ्या वेळा त्यांनी ती लावली. दर खेपेला नवऱ्याच्या आकृतीभोवती उजेडाची भोकं वाढत गेली. शेवटी म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बास झालं आता. त्याला जाऊ दे." बाहेर आल्यावर तिने बाईंच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

उरलेल्या फिल्मची बाईंनी नंतर मुंबईत प्रत काढून घेतली. ती परदेशात एका महोत्सवात दाखवली गेली. बाई तिकडे जाऊन आल्या आणि सोमवारी सातवीच्या तासाला हजर झाल्या. मी विचारलं, "लोक काय म्हणाले?"

"बरेच जण शेवटपर्यंत बसले," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी ते फार मोठं होतं.

वडील गेल्यावर त्यांना बडोद्याला शिकवायला बोलावणं आलं आणि त्या गेल्या. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेले, तेव्हा त्या मला थेट वर्गातच घेऊन गेल्या. मागच्या रांगेत मी विद्यार्थ्यांमध्ये बसले. केस पांढरे झालेल्या बाई खिडकीपाशी उभ्या राहून बाहेरच्या कडुलिंबाकडे बघत होत्या आणि सगळा वर्ग त्यांच्याबरोबर बघत होता.  माझ्या शेजारच्या मुलाने वही मिटून बाजूला ठेवली. मीही खुर्ची जराशी खिडकीकडे वळवली.