गोठ्यातली रेंज
छऱ्यांची डबी उघडली की शिशाचा आणि तेलाचा वास येतो, आणि मला आमचा गोठा आठवतो. म्हशी विकल्यावर वडिलांनी तिथे माझ्या नेमबाजीच्या सरावासाठी दहा मीटरची रेंज बांधली होती. एका टोकाला वाळूची पोती रचून त्यांच्यासमोर कागदी टार्गेटचा लाकडी स्टँड रोवला होता, तरी शेणामुताचा वास काही गेला नव्हता. राज्य स्पर्धेला आठ दिवस उरले असताना, एका सकाळी माझा सराव चालू होता आणि चुलते कुऱ्हाड घेऊन आत शिरले. "गोठा माझ्या वाटणीचा हाय! पोरीचं खेळ भाईर काढ!" असं ओरडत त्यांनी स्टँडवर घाव घातले. वडील आडवे गेले, तर कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या तोंडावर बसला. ते कोसळले, ओठ फाटून रक्त वाहायला लागलं, आणि चुलत्यांनी पुन्हा कुऱ्हाड उगारली. माझ्या खांद्याला भरलेली एअर रायफल होती. "मारतीस व्हय? मार की!" चुलते माझ्याकडे बघून हसले. "खाली कर ती!" वडील जमिनीवरून ओरडले. मी चाप ओढला. छर्रा चुलत्यांच्या हातात घुसला, कुऱ्हाड गळून पडली आणि ते किंचाळत खाली बसले. वडिलांनीच रक्ताळल्या तोंडाने टॉवेल फाडून भावाचा हात बांधला, त्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "पोरीच्या हातनं बंदूक चुकून उडाली." आज मी मुलींना नेमबाजी शिकवते. वडील अजून ती गोष्ट तशीच सांगतात आणि मी मान डोलावते. मी चुलत्यांच्या अंगठ्याच्या बुडावर नेम धरला होता, आणि छर्रा तिथेच लागला होता.