जेवण राहिलेला सामना

सेलूहून निघाले त्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती आणि माझं सगळं लक्ष डिक्कीकडे होतं. मोठ्या बॅगेत मी जवसाची पोतडी भरली होती. माझा मुलगा प्रशांत ती काढून ओसरीवर ठेवायचा, त्याची पाठ फिरली की मी परत बॅगेत घालायचे. शेवटी शेजारची कुसुमबाई त्याच्यावर डाफरली, "राहू दे ना रे बाबू! तिकडे तिले जवस कोण देईन?" माझी धाकटी जाऊ पदरानं डोळे पुसत होती आणि पुसता पुसता विचारत होती, "बाई, तिकडे लाइटीची लाइन जाते का वो?" मी म्हटलं, "गेल्यावर सांगतो." गाडी वळली तेव्हा मागं वळून बघायचं राहूनच गेलं, कारण पोतडी नक्की आत आहे ना, हेच मी प्रशांतला विचारत होते.

तर कुसुमबाई आणि तुम्ही सगळ्या, ऐका. इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सून वैशाली मला गाडीतून फिरायला घेऊन गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना निळी निळी फुलं, नजर पोचेल तिथपर्यंत. मी विचारलं, "हे काय लावलं वं?" ती म्हणाली, "आई, जवस हाय तो." मी जवस घेऊन जवसाच्या समुद्रात आले होते! गाडी बाजूला लावून आम्ही दोघी इतक्या हसलो की मागून येणारा एक भला माणूस थांबून विचारायला लागला, काही मदत हवी का.

आमचं गाव कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात आहे. तुम्ही टीव्हीवर बघता ते उंच इमारतींचं शहर हे नव्हे. पोळपाटासारखी सपाट जमीन, गव्हाची उंच कोठारं, एक रेल्वेलाइन आणि एक लहानसा दवाखाना. त्या दवाखान्यात वैशाली नर्स आहे. प्रशांत कामाला गेला, ती ड्युटीला गेली, की घरात मी आणि फ्रीजची घरघर. सेलूला दाराशी उभं राहिलं की चार जणी बोलायला. इथं दाराशी उभं राहिलं की वारा.

पण कुंपणापलीकडे वॉल्टरबाबा होता. वय नव्वदीच्या घरात, एकटा, डोळे जवळजवळ गेलेले. अंगणात लोखंडी खुर्ची टाकून रेडिओ ऐकत बसायचा. रेडिओवर एक माणूस सारखा ओरडायचा, मधेच गर्दी ओरडायची. मला राहवेना. एक दिवस टोपलीत मेथीची जुडी आणि बटाटे घेऊन गेले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हा काय खेळ?"

म्हातारा खुलला. म्हणाला, बेसबॉल. माझ्या टोपलीतले चार बटाटे मागून घेतले आणि चाचपत गवतावर चौकोनात मांडले. एक जण बॉल फेकतो, त्याला पिचर म्हणतात. दुसरा जाड दांडक्यानं मारतो आणि बटाट्याबटाट्यावरून पळत परत घरी येतो. चौथ्या बटाट्याला ते खरंच घर म्हणतात बरं का! तीनदा चुकला की बाद. न मारता सोडलेला बॉल गुडघ्याच्या वरून गेला तरी ती चूकच, खालून गेला तर नाही. मी विचारलं, "क्रिकेटसारखं?" त्यानं तोंड असं केलं, जसं काही मी मेथीला गाजरगवत म्हटलं.

मग रोजचंच झालं. मी विचारायची, तो सांगायचा. तो तरुण होता तेव्हा इथल्या एकेका गावाची आपली टीम असायची आणि आसपासच्या गावांची मिळून एक लीग. दिवसभर शेतात राबायचं आणि संध्याकाळी खेळायचं. उन्हाळ्यात स्पोर्ट्स डे भरायचा. दुकानं बंद, आख्खं गाव मैदानावर, बायका घरचे पाय विकायला बसायच्या. पाय म्हणजे गोड सारण भरलेली जाड पोळी समजा. चांगल्या टीमा बाहेरून खेळाडू आणायच्या, पार अमेरिकेतूनसुद्धा. काही काळे खेळाडू यायचे. त्यांच्याकडे त्यांना गोऱ्यांच्या खाणावळीत बसू देत नसत. इथं ते गावातल्या घरांत उतरायचे. "पण सगळीच दारं उघडली असं नाही," हेही वॉल्टरबाबानं सांगितलं. खेळाचे थोडे पैसे मिळायचे, पण त्यावर पोट भरत नसे. म्हणून गावच काम द्यायचं. स्वतः वॉल्टरबाबा बाहेरचाच. आमच्या या गावानं त्याला पिचर म्हणून आणलं आणि गव्हाच्या कोठारावर नोकरी दिली.

मी ताडकन म्हटलं, "अहो, हे तर आमचं सेलू!"

तुम्हाला आठवते ना आपली कबड्डी? माझे बाबा मंडळात होते. हिवाळ्यात सामने लागले की बाहेरचा गडी आणायचा, कापसाच्या जिनिंगमध्ये त्याला कामाला लावायचं आणि कोणाच्या तरी घरी उतरवायचं. एका वर्षी गिरडकडचा एक गडी आमच्या घरी उतरला. दौलत नाव. तीळ घालून केलेल्या भाकरी खायचा आणि मान वर करून बोलायचा नाही. हेच पुढे प्रशांतचे बाबा झाले, ते तुम्हाला माहीतच आहे. पण वॉल्टरबाबाला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळं सांगितलं.

फायनलला सेलूसमोर आलं ते नेमकं दौलतचंच गाव. पलीकडे पकडीला त्याचा मोठा भाऊ उभा. शेवटच्या चढाईत भावानं त्याचा पाय धरला, आणि हे गृहस्थ भावाला तसंच ओढत ओढत रेषेपर्यंत आले. सेलू जिंकलं. लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं, आणि ह्यांचा चेहरा मात्र एवढासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे बाबा धोतर नेसून तयार. "चाल गा दौलत. जेवल्याबिगर सामना मिटत नाई." आपल्याकडची रीतच होती. स्वतःच्याच गावाला हरवलं, तर जिंकलेल्या गड्यानं हरलेल्याच्या घरी जेवायला जायचं. ज्या मंडळानं आणलं त्याच्या माणसानं सोबत जायचं. बोलावणं लागत नाही. दोघं एसटीनं गेले. भाऊ म्हणे भिंतीकडे तोंड करून जेवला. पण उठताना ह्यांच्या हातावर तांब्यातून पाणी त्यानंच घातलं. झालं, मिटलं. पुढे लग्नात सगळ्यांत जास्त तोच नाचला.

हे सांगून मी हसत होते. वॉल्टरबाबानं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "आमच्याकडे ही रीत नव्हती."

त्याचं स्वतःचं गाव इथून गाडीनं तासाभराच्या वाटेवर. धाकटा भाऊ रेमंड तिकडच्या टीममध्ये. लीगच्या शेवटच्या सामन्यात दोन्ही गावं समोरासमोर आली, आणि शेवटी दांडकं घेऊन रेमंड उभा राहिला. वॉल्टरबाबानं आपल्या हातानं भावाला बाद केलं. त्या रात्री जिकडे तिकडे नाचगाणं, आणि हा मैदानातून सरळ आपल्या खोलीवर. पुढे लीग मोडली. लोकांकडे टीव्ही आले, चांगले रस्ते आले, मैदानावर येतो कोण? वॉल्टरबाबा इथंच राहिला, इथल्याच मुलीशी लग्न केलं. वडलांच्या अंत्यविधीला दोघं भाऊ एकाच बाकावर बसले, पण शब्द नाही. आईच्या वेळीही तेच.

"आणि आता?" मी विचारलं.

आता त्याची मुलगी त्याला कॅल्गरीला नेणार होती. महिनाअखेरीला. घर विकायला काढलं होतं, फाटकाजवळ पाटीसुद्धा लागली होती. कॅल्गरी म्हणजे दूर, दिवस जातो गाडीत. तिथून हा परत यायचा नाही, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

मी म्हटलं, "मग जेवून घ्या की आता."

"त्यानं बोलावलेलं नाही."

"आमच्याकडे बोलवावं लागत नाई."

त्यानं बंद रेडिओचं बटण नुसतंच फिरवलं. पण खुर्चीतून उठून आत गेला नाही, म्हणून मी त्याचा होकार समजले.

संध्याकाळी वैशालीला सांगितलं तर ती हादरलीच. "आई, इथं फोन केल्याबिगर कोणी कोणाच्या घरी जात नाई! तुम्ही काऊन लोकाच्या भांडणात पडून राह्यल्या?"

"मंग लाव फोन."

"आन काय सांगू? आमच्या सासूबाईंच्या गावची रीत हाय म्हणून?"

"तेच सांग."

बिचारीनं लावला. मी फोनला कान लावून उभी. पलीकडून आधी खोकला, मग खरखरीत आवाज, "त्याला काय हवंय?" वैशाली म्हणाली, "जेवायला यायचंय." परत एकदा खोकला. मग म्हणाला, "रविवारी दुपारी. मी स्वयंपाक करत नाही."

रविवारी मी पहाटेच उठले. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, जवसाची चटणी, दहीभात असा मोठा डबा बांधला. वॉल्टरबाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसला. अर्ध्या वाटेवर मी कपाळाला हात लावला. "अवं वैशाली, चुकलं! जेवण हरलेल्याच्या घरचं लागते. आपलं घेऊन गेलो तर कसं जमन?"

"आई, त्या माणसानं सांगितलं ना, तो स्वयंपाक करत नाई म्हणून!"

मी मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसले आणि पुढचा सगळा रस्ता त्या डब्यावर चिडत राहिले. एवढी मोठी मी रीत शिकवायला निघाले आणि पहिली चूक माझीच. वॉल्टरबाबा पुढे बसून बोटं चोळत होता. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी घाबरलेय. तेही होतंच.

रेमंडचं दार उघडंच होतं. आत तो उभा, उंच, वाकलेला, हुबेहूब वॉल्टरबाबाचा चेहरा. "पायरी आहे," एवढंच म्हणाला. आंधळ्या भावाला दारात पहिला शब्द कोणता, तर पायरी आहे.

आणि टेबलावर काय? उकडलेल्या अंड्यांचे सँडविच, मक्याची कणसं, गोल पाव आणि काकडी. काकडीचे काप इतके जाड की बघूनच कळावं, या माणसानं आयुष्यात काकडी कापली नाही. वैशाली माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई, डबा गाडीतच राहू द्या."

जेवायला बसलो. काकडीचा कुरकुर आवाज, घड्याळाचा आवाज. मी कणीस खात होते आणि देवाचं नाव घेत होते. वॉल्टरबाबाचं अर्धं सँडविच खाऊन झालं, तेव्हा रेमंड ताटाकडे बघतच म्हणाला, "तो शेवटचा बॉल खाली होता."

वॉल्टरबाबा घास गिळून म्हणाला, "गुडघ्याला होता."

"घोट्याला! अंपायर तुमच्या गावचा होता."

"तुझे गुडघेच खाली आहेत. आई म्हणायचीच."

रेमंड तरातरा उठला. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध दांडक्यासारखा धरून उभा राहिला. वैशालीला म्हणाला, तू नर्स आहेस ना, मग सांग, माणसाचा गुडघा कुठं असतो? वॉल्टरबाबानं चाचपत एक गोल पाव उचलला. दोघं मला रेमंडच्या मागं बॉल झेलायला बसवायला निघाले. मी म्हटलं, बाबांनो, एकदा खाली बसले तर उठवणार कोण? मग मी उभीच राहिले, पदर पसरून. डोळे गेलेल्या माणसानं पाव फेकला आणि तो सरळ माझ्या पदरात!

"गुडघ्याला," वॉल्टरबाबा म्हणाला.

"घोट्याला," रेमंड म्हणाला. पण आवाज फाटला, आणि त्यानं झाडू खाली ठेवून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथंच राहिला. त्यानंतर तासभर भांडले दोघं. वैशाली ड्युटीची आठवण करून देत होती, पण ऐकतंय कोण?

निघताना रेमंडनं मला विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या?"

आजवर इथं मला हे कितीतरी जणांनी विचारलंय, आणि मी इंडिया, महाराष्ट्र, वर्धा, सेलू असं सगळं रामायण सांगत आलेय. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "नेक्स्ट डोअर." वॉल्टरबाबाच्या शेजारची. रेमंडनं मान हलवली, जणू पुरेसा पत्ता मिळाला.

महिनाअखेरीला वॉल्टरबाबा गेला. मुलीनं जाताना गाडी रेमंडच्या घरावरून नेली, एक रात्र तिथं मुक्काम केला. पलीकडच्या अंगणात आता दुसरं कुटुंब राहतं, त्यांचा कुत्रा माझ्या मेथीत लोळतो. वॉल्टरबाबाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून रेमंड मला फोन करतो आणि भावाबद्दलच्या सगळ्या तक्रारी मला ऐकवतो. मला निम्म्या कळतात.

तुम्ही दर वेळी विचारता, तिकडे करमते का? खरं सांगू, सेलूची आठवण येते. दाराशी उभं राहिलं की अजून वाराच असतो. पण महिन्यातून एकदा वैशाली मला रेमंडकडे सोडते आणि बाजाराला जाते. तो काकडी तशीच जाड कापतो. आणि काकडी नीट कापत नाही म्हणून मी आता त्याच्यावर ओरडते, जसं घरच्या माणसावर ओरडावं. त्याला मराठी येत नाही. पण काय म्हणतेय ते त्याला बरोबर कळतं.